वहीतली पुसट रेघ

पुण्यात लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका गल्लीत माझी रत्नपरीक्षणाची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे रोज येणारी माणसे हिऱ्याचा दर्जा विचारायला येतात. परंतु त्या दिवशी सकाळी आलेल्या दोघांचा प्रश्न वेगळा होता. एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांच्या घरचे जुने सोनार एकत्र आले, पण एकमेकांशी न बोलता समोरच्या दोन खुर्च्यांवर बसले.

बाईंची हिऱ्याची अंगठी मुलाने बारा वर्षांपूर्वी परदेशातून आणलेली होती. तिची एक नखी, म्हणजे हिरा धरून ठेवणारी कडी, झिजल्यामुळे ती त्यांनी सोनारांकडे दुरुस्तीला दिली आणि परत मिळाली तेव्हा हिऱ्यात कडेपासून आत गेलेला पांढरा ओरखडा नुसत्या डोळ्यांना दिसू लागला होता. ‘हिरा बदलला,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. सोनार खाली मान घालून म्हणाले, ‘तीन पिढ्या यांच्या घरचे दागिने करतो आहोत, साहेब. तुम्हीच बघून काय ते सांगा.’ मग बाईंनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो माझ्याच सहीचा होता. सहा वर्षांपूर्वी विम्यासाठी त्यांनी ही अंगठी माझ्याकडून तपासून घेतली होती, आणि मी लिहिले होते : गोल घाट, अंदाजे ७० सेंट (०.७० कॅरेट), शुद्धता एसआय १.

हिऱ्याची शुद्धता दहापट मोठे करून पाहून ठरवतात. जीआयए या अमेरिकेतल्या रत्नविद्या संस्थेने १९५३ मध्ये रूढ केलेल्या श्रेणीत अगदी निर्दोष हिऱ्यापासून आय ३ पर्यंत अकरा पायऱ्या आहेत, आणि आतल्या खुणा किती, केवढ्या, कुठे, कशा प्रकारच्या आणि किती ठळक आहेत यावरून पायरी ठरते. टेबल म्हणजे हिऱ्याच्या माथ्यावरचा मधला सपाट पैलू; त्याच्याखाली बसलेला काळा ठिपका जेवढा नडतो, तेवढा तोच ठिपका कडेच्या नखीआड असला तर नडत नाही. एसआय १ मधल्या खुणा आयग्लासमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, सहज सापडतात, पण वरून नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाहीत. आय १ मधल्या मात्र पुष्कळदा दिसतात. माझ्या समोरचा हिरा उघडउघड आय १ होता.

मापे घेतली. व्यास ५.७ मिलिमीटर, उंची ३.५, दोन्ही जुन्या नोंदीशी जुळणारी. परंतु त्याच मापाचा दुसरा हिरा बाजारात मिळणे मुळीच अवघड नसल्यामुळे एवढ्यावर सोनारांची सुटका होण्यासारखी नव्हती. खरी ओळख आतल्या खुणांच्या नकाशात असते, आणि असा नकाशा मी प्रत्येक दगडाचा वहीत हाताने काढून ठेवतो. सहा वर्षांपूर्वीची वही काढली. टेबलाच्या कडेशी एक बारीक काळा स्फटिक, त्याच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके, आणि कडेकडून आत येणारी एक पुसट रेघ. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्फटिक आणि ते दोन्ही ठिपके जिथल्या तिथे होते. हिरा तोच होता. आणि पांढरा ओरखडा नेमका माझ्या त्या पुसट रेघेच्या जागी होता.

मग मी काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाश बाजूने सोडून अंगठी सावकाश कलती केली. तो ओरखडा म्हणजे हिऱ्यातली भेग होती; तिच्या आतल्या टोकाशी आधी नारिंगी आणि किंचित कलल्यावर निळी झळक उमटली, तिच्याजवळ चपटे बुडबुडेही दिसले, आणि माझ्या पोटात गोळा आला. भेगेत काच भरलेली होती. भेगेत हवा असली की प्रकाश तिथून उलटा फिरतो आणि भेग पांढरी दिसते. हिऱ्याच्या जवळपास तेवढाच वक्रीभवनांक असलेली काच तिच्यात भरली की प्रकाश सरळ पार जातो आणि भेग जणू नाहीशी होते. ही काच उष्णतेने बाहेर येते. सोनारांनी हिरा न काढता, वर बोरिक ॲसिडचा लेप देऊन नखीला झाळ दिली होती. साध्या हिऱ्यावर हे काम नेहमी होते आणि त्याला काही होत नाही. इथे मात्र भेगेच्या तोंडाची काच निघून गेली आणि मुळातली भेग उघडी पडली.

म्हणजे चूक सोनारांची नव्हती, माझी होती. सहा वर्षांपूर्वीच्या नोंदीपुढे मीच ‘फक्त आयग्लास, कोंदणात’ असे लिहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली ही अंगठी मी कधी फिरवलीच नव्हती. ती रेघ इतकी पुसट का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. भेग भरलेल्या हिऱ्याला जीआयए शुद्धतेची श्रेणीच देत नाही, आणि मी तर त्याला एसआय १ देऊन मोकळा झालो होतो. गिऱ्हाईक पायरी विचारते आणि आम्ही पायरी सांगतो. दगडावर काही प्रक्रिया केली आहे का, हे त्याने विचारले नाही तरी सांगणे आमचे काम असते.

हे सगळे मी दोघांना वही आणि सूक्ष्मदर्शक दाखवून सांगितले. बाईंनी बराच वेळ डोळा लावून ती निळी झळक पाहिली. सोनारांनी त्यांच्यानंतर पाहिली आणि इतकेच विचारले, ‘ही भेग पुन्हा भरता येते का?’ येते, मी म्हणालो, पण पुन्हा कुणी आच दिली की पुन्हा हेच होईल.

‘नको,’ बाई म्हणाल्या. ‘मुलाला तिथे विकताना हे सांगितले असेल का?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी जुना कागद रद्द केल्याची नोंद करून नवा लिहून दिला, त्यात भेग भरल्याचे आणि माझ्या आधीच्या चुकीचे स्पष्ट लिहिले, आणि पैसे घेतले नाहीत. उठताना सोनारांनी अंगठी उजेडात धरली आणि बाईंकडे वळून म्हणाले, ‘अजून दोन नख्या झिजल्या आहेत, बाई. या वेळी हिरा काढून ठेवतो, मगच काम करतो.’ बाईंनी अंगठी त्यांच्याच हातात राहू दिली.