कसर लागलेले नऊ टॉप

सकाळी मी मशीनला तेल देत होते, एवढ्यात नृत्यवर्ग चालवणाऱ्या मॅडम आत आल्या आणि काही न बोलता त्यांनी हातातली पिशवी कापणीच्या टेबलावर पालथी केली. तीन आठवड्यांपूर्वी आम्हीच शिवून दिलेले, गडद निळ्या रंगाचे, अंगाबरोबर बसणारे टॉप त्यातून बाहेर पडले. कापड 95 टक्के सुती आणि 5 टक्के इलास्टेन, म्हणजे सगळे ज्याला कॉटन लायक्रा म्हणतात ते. 14 पैकी 9 टॉप परत आले होते. "ताई, शिवलेले कपडे तुम्ही ठेवता तिथे कसर लागली आहे का?" असे त्यांनी विचारले, आणि खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवले.

शिवणीलगत टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोके पडलेली होती. काही टॉपच्या काखेखाली तशीच भोके होती आणि तिघांमध्ये तर भोकापासून खाली, पायमोज्याची वीण सुटावी तशी, बोटभर शिडी निघाली होती. कापड मॅडमनी स्वतः आणून दिलेले असल्यामुळे "कापडच हलके आहे" हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. कपडे शिवणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर ते कायमचेच असते, आणि दहापैकी चार वेळा ते खरेही निघते. तरीही मी ते गिळले, कारण त्या भोकांची जागा मला खटकत होती. पाठीच्या किंवा पोटाच्या मोकळ्या भागावर एकही भोक नव्हते. कसर घडीत शिरते, मिळेल तिथे कुरतडते. शिवणीच्या कडेने ओळ धरून ती चालत नाही. मॅडमना मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली.

त्या गेल्यावर मी सगळे टॉप उलटे करून टेबलावर पसरले. गळ्याची पट्टी एकूण एक टॉपवर धड होती आणि बिघाड होता तो खांदा, मुंढा (बाही जोडतात ती जागा) आणि बगलेच्या, म्हणजे काखेपासून खाली जाणाऱ्या बाजूच्या शिवणीत. मग बॉबिनच्या, म्हणजे मशीनमध्ये खालून येणाऱ्या दोऱ्याकडे माझे लक्ष गेले. टॉप शिवले त्या दिवशी निळे रीळ संपत आले होते, म्हणून माझ्या जोडीने शिवणाऱ्या काकूंनी त्यांच्या मशीनच्या बॉबिनमध्ये काळा दोरा भरला होता. परत आलेल्या नऊही टॉपच्या शिवणीत खालचा दोरा निळा होता, म्हणजे त्या शिवणी माझ्या होत्या. त्यांच्याच गळपट्टीखालचा दोरा मात्र काळा होता, कारण सगळे गळे काकूंनी लावले होते. न परतलेले पाच टॉप अथपासून इतिपर्यंत काकूंनीच शिवलेले होते. कापड तेच, पॉलिएस्टरचा दोरा त्याच जातीचा, टाकाही दोघींचा सारखाच, म्हणजे अडीच मिलिमीटर लांबीचा आणि जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचा झिगझॅग. जर्सीच्या, म्हणजे असल्या ताणणाऱ्या कापडाच्या, कडा मागावर विणलेल्या साध्या कापडासारख्या उसवत नाहीत, म्हणून कडा दोऱ्याने गुंफणारे ओव्हरलॉक आम्ही केलेच नव्हते, तेव्हा तिसऱ्या मशीनचाही प्रश्न नव्हता.

फरक उरला तो सुईचा.

त्या दिवसाची आठवण आता नीट आली. आदल्या दिवशी मी घट्ट विणीचे पॉपलिन शिवले होते आणि त्यासाठी घातलेली चौदा नंबरची, तीक्ष्ण टोकाची सुई तशीच ठेवली होती. सुई कोरी आहे, मग चांगलीच आहे, असा माझा हिशेब होता. काकूंच्या मशीनवर साधी सुई होती आणि ती दर दोन-तीन इंचांवर टाका सोडत होती. ताणणाऱ्या कापडात हे बऱ्याचदा घडते. सुई खाली जाताना कापड तिच्याबरोबर खाली ओढले जाते आणि वर येताना तिला चिकटून वर उचलले जाते. त्यामुळे सुईच्या पाठीमागे दोऱ्याचा जो फास तयार व्हायला हवा तो होतच नाही, आणि तो फास पकडून खालच्या दोऱ्यात अडकवणाऱ्या शटलचे टोक रिकामेच फिरून जाते. काकूंनी दाबपट्टीचा दाब कमी करून पाहिला, दोऱ्याचा ताण बदलून पाहिला आणि शेवटी डबी धुंडाळून अकरा नंबरची स्ट्रेच सुई घातली. तिचे टोक गोलसर असते आणि पाठीमागची खाच खोल असते, त्यामुळे शटलला फास पकडणे सोपे जाते. माझे मशीन तोवर एकही टाका न सोडता सरळ, आखल्यासारखी शिवण घालत होते, आणि काकूंची ती खटपट पाहून मी चक्क हसले होते.

ही झाली शंका. खात्री करण्यासाठी उरलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या जोडून मी एक शिवण माझ्या सुईने घातली आणि तिच्या शेजारी दुसरी काकूंच्या सुईने. टेबलावर ठेवल्यावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. किंबहुना माझीच अधिक देखणी होती. मग शिवणीच्या आडव्या दिशेने कापड पूर्ण ताणून दिव्यासमोर धरले आणि भिंग लावले. काकूंच्या शिवणीत प्रत्येक टाक्याशी वीण थोडी बाजूला सरकलेली दिसत होती, एवढेच. माझ्या शिवणीत तीन-चार टाक्यांआड एक उजेडाचा ठिपका होता. एका ठिपक्यात तुटलेल्या सुताची दोन पिंजलेली टोके निळी दिसत होती आणि त्यांच्यामधून केसाहून बारीक, चमकणारा पांढरा तंतू वर डोकावत होता. तो इलास्टेनचा. सुताला निळे करणारा रंग त्याला चढत नाही, म्हणून एरवी सुताच्या आड दडलेला तो तुटला की पांढरा दिसतो.

मागावर विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून गेलेले असतात. त्यातला एखादा सुईने तुटला तरी शेजारचे धागे त्याला जागेवर दाबून धरतात. जर्सी हे मात्र फासात फास अडकवून केलेले विणकाम असते. एक फास तुटला की त्याच्यावर टांगलेला फास मोकळा होतो आणि ताण बसला की शिडी निघते. गोल टोकाची सुई दोन फासांमधून वाट काढते आणि तीक्ष्ण सुई समोर येईल ते भोसकते. त्यातही माझी सुई 0.90 मिलिमीटर जाडीची होती आणि काकूंची 0.75. शिवण ताजी असताना तुटलेले फास टाक्याखाली दबून राहतात, म्हणून कपडे देताना आम्हाला काहीच दिसले नव्हते. मुलींनी हात वर करून अंग ताणले, टॉप दोन-तीनदा धुतले गेले, तेव्हा ती भोके उघडी पडली. मॅडमना ती कसर वाटली यात नवल नव्हते.

मी त्यांना फोन करून सांगितले की कसर नाही, कापडही चांगले आहे, चूक माझ्या सुईची आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता होती; मग त्यांनी एवढेच विचारले, "मग आता नीट होतील का?"

नीट करणे वाटले तेवढे सोपे नव्हते. साध्या कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते, पण इथे उसवून भोके बुजणार नव्हती. भोकांची ओळ कापूनच टाकावी लागणार होती. म्हणून मूळ शिवणीपासून सहा मिलिमीटर आत नवी शिवण घ्यायचे ठरले. दोन बगला, प्रत्येकी दोन पदर, म्हणजे घेरात 24 मिलिमीटर कमी. हे कापड दहा सेंटिमीटरचे चौदापर्यंत सहज ताणून पुन्हा जागेवर येत होते, तेव्हा तेवढी घट अंगावर कळणार नव्हती. खरी अडचण खांद्याला होती. खांदे आत घेतले की गळाही लहान होतो. गळ्याचा घेर 56 सेंटिमीटर होता आणि पट्टी त्याच्या साधारण 85 टक्के, म्हणजे 47 ते 48 सेंटिमीटर बेतलेली होती, कारण पट्टी आखूड असली तरच ती ताणून लावल्यावर गळा मानेलगत बसतो. घेर सुमारे 53.5 झाल्यावर तीच पट्टी सैल पडून बाहेर उलटली असती. म्हणून धड असलेली पट्टीही उसवून दोन सेंटिमीटर आखूड करावी लागली. काकूंनी ती उसवली, कापड ताणून दिव्यासमोर धरले आणि न बोलता माझ्याकडे सरकवले. टाके निघाले होते, पण टाक्यांची खूणसुद्धा उरली नव्हती.

बाह्या काढून बाहीचा माथा छाटला आणि मुंढा काखेत किंचित खोल केला. खांद्याच्या शिवणीत या वेळी पातळ सुती फीत घातली, कारण बाह्यांचा सगळा भार खांद्यावर येतो आणि ती एकच जागा अशी आहे की जिथे ताणणारे कापड ताणलेले नको असते. बाकीच्या शिवणी मात्र कापडाइतक्याच ताणल्या गेल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक शिवण घातल्यावर ती दोन्ही हातांनी ओढून मी कानाशी धरत होते; दोरा तुटला तर "टक्" असा बारीक आवाज येतो. इस्त्रीही सरकवायची नाही, उचलून ठेवायची, नाहीतर शिवणीला लाटा पडतात.

शिड्या निघालेले तीन टॉप वाचण्यासारखे नव्हते. त्यांच्यासाठी नवे कापड लागणार होते, आणि तो खर्च अर्थातच माझा. ते कापड मी आणवले, एक मीटरवर दोऱ्याच्या दोन खुणा घातल्या आणि बेतण्याआधी धुऊन वाळवले. खुणांमधले अंतर 94 सेंटिमीटर भरले. गुंडाळीवरून काढलेले असे कापड रात्रभर मोकळे पसरून ठेवल्याशिवाय मी कापत नाही, कारण गुंडाळताना त्याला बसलेला ताण हळूहळूच जातो.

संध्याकाळी मॅडम आल्या तेव्हा चार टॉप तयार होते. त्यांनी एक उचलला, खांदा धरून चांगला जोर लावून ताणला आणि उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. मी भिंग पुढे केले, पण त्यांनी ते घेतले नाही. उरलेल्या टॉपसाठी त्यांनी दोन दिवस दिले.

दिवे मालवायच्या आधी काकू मशीनवर कापड घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्या दिवशी माझं मशीन टाके सोडत होतं, तेव्हा तू हसली होतीस." मी काहीच बोलले नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "उद्या सकाळी आधी डेनिम आहे. ही सुई काढ, सोळा नंबरची घाल. आणि काढलेली डबीत ठेवताना चिठ्ठी लाव."

मी सुई काढली आणि चिठ्ठी लावली.