भिंतीला पोट सुटतं तेव्हा

नुसते दगड रचून उभारलेल्या कुंपणाच्या भिंतीला कोकणात गडगा म्हणतात; त्याचा थोरला भाऊ उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समध्ये डोंगर चढताना दिसतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच अशा आठ हजार किलोमीटरहून जास्त भिंती आहेत, आणि त्यांत चुन्याचा कण नाही. माळावर सरळ रेषेत गेलेली भिंत बहुधा १७५० ते १८५० मधली, संसदेच्या कायद्याने सामाईक कुरणांची वाटणी झाली तेव्हाची. आधी नकाशावर रेघ, मग दगड. खोऱ्याच्या तळाशी वेडीवाकडी वळणारी बरीच जुनी.

दुरून एक दिसते, पण असतात दोन भिंती. पायाशी पाऊण मीटर रुंदी, माथ्याशी जेमतेम चाळीस सेंटिमीटर. दोन्ही बाजू आत कललेल्या, मधलं पोट कपच्यांनी भरलेलं. अर्ध्या उंचीवर लांब आरपार दगड दोन्ही भिंतींना शिवून घेतात. सगळ्यात वर उभ्या दगडांचं ओझं. मीटरभर भिंतीला दीडेक टन दगड जातो. कसलेला माणूस दिवसाकाठी तीन-चार मीटर रचतो.

नवशिका फसतो तो देखणेपणाला. लांब दगड भिंतीच्या ओळीत आडवा घातला की काम झपझप उरकतं आणि छान दिसतं. पण दगडाची लांबी आत जायला हवी, बाहेर फक्त तोंड. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यायला हवा; ही सांधमोड चुकली की वरपासून खालपर्यंत फट पडते, हे कुठलाही गवंडी सांगेल. खरी हयगय होते पोटाशी. एकेक कपची हाताने ठासायची, तर फावड्याने खडी ओतली जाते. ती हळूहळू खाली बसते, दर्शनी दगडांचा आतला आधार जातो आणि भिंतीला पोट सुटतं. भरीत माती असेल तर ती पाणी धरते, गोठते, फुगते. बाकीचं काम हिवाळा करतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाच्या स्वेलडेल मेंढ्यांसाठी. भिंतीत ठेवलेल्या चौकोनी भोकातून मेंढी जाते, गाय अडते. लोकरीतून बऱ्याचदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. पैसा येतो कोकरांतून, आणि माळावर तीन-चार वेत झालेल्या माद्या खालच्या, मऊ गवताच्या शेतांना विकून. तिथे त्यांना निळसर तोंडाचा लेस्टर मेंढा दाखवतात. होणाऱ्या संकराला ‘म्यूल’ म्हणतात. उरलेली भर सरकारी अनुदानाची आणि पर्यटकांची. पर्यटक येतात ते या भिंती बघायला, आणि वाट सोडून त्यांच्यावरूनच चढतात. माथ्याचे दगड निसटतात ते असे.

पडलेलं खिंडार बुजवताना दगड तिथेच पायाशी सापडतात. माथ्याचे दगड सर्वांत लांब मांडायचे, कारण ते शेवटी लागणार. कमी पडतात त्या फक्त कपच्या; त्या गवताखाली मातीत गेलेल्या असतात.