पंचनाम्याच्या जागेवर ऐकलेली सिनेमाची मते

वाघाने गुरे मारल्याची खबर आली की वनरक्षकाला आधी धावपळ करावी लागते आणि मग बराच वेळ नुसते थांबावे लागते. जागेवर पोहोचून गर्दी आवरणे, खुणा पुसल्या जाण्याआधी फोटो काढणे, पंच गोळा करणे ही कामे झटपट उरकता येतात. परंतु भरपाईसाठी जनावराची बाजारभावाची किंमत पशुधन विकास अधिकाऱ्यांनी ठरवायची असते आणि त्यांच्याकडे एकाच दिवशी चार दिशांची गावे असतात. ते येईपर्यंत आम्ही आणि गावकरी एकाच झाडाखाली बसून असतो. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या हद्दीत, मी वनरक्षक आहे. मार्च २०२५ मधल्या अशाच एका दुपारी लोक त्यांनी नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांविषयी सहज बोलत होते. त्या बोलण्यातून मला माझ्या कामाविषयी जे कळले, ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

घटना तशी नेहमीचीच होती. गावाच्या पूर्वेला पऱ्हाटीची म्हणजे कापसाची वावरे संपतात, तिथून नाला सुरू होतो आणि नाल्यापलीकडे झुडपी रान आहे. तिथे एक लाल गावरान गाय मरून पडली होती. गळ्यावर सुळ्यांची खोल छिद्रे होती, मागचा पुठ्ठा खाल्लेला होता आणि धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, नाल्यापर्यंत गवत दाबून गायीला फरफटत नेल्याची सलग खूण दिसत होती. नाल्याच्या ओल्या रेतीत पंजाचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की बिबट्याची शंका घ्यायला जागाच नव्हती. गायीचा मालक आणि त्याची बायको बाजूला उभे होते. दोघेही काही बोलत नव्हते. गाय तिथून हलवू नका, हे मी प्रत्येक वेळी सांगते तसे त्याही दिवशी सांगितले, कारण शिकार जागेवरून उचलली की वाघ उपाशी राहतो आणि लगेच दुसऱ्या जनावराच्या मागे लागतो. शिवाय रागाच्या भरात कोणी मेलेल्या जनावरावर विष टाकले, तर पुढचे सगळेच बिघडते.

आम्ही नाल्यापासून दूर, पांदणीच्या म्हणजे शेतरस्त्याच्या कडेला चिंचेखाली बसलो. कापसाची वेचणी संपलेली होती, मोहफुले पडायला लागली होती आणि पहाटे फुले वेचायला जाणाऱ्या बायकांची मला जास्त काळजी होती, म्हणून मी तोच विषय काढला. तो फार वेळ टिकला नाही. वन्यप्राणी गावाजवळ आला की पहिल्यांदा धावून जाणाऱ्या गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलातला एक मुलगा दोन दिवसांपूर्वी यवतमाळला जाऊन 'छावा' पाहून आला होता आणि त्यातला सिंहाशी झुंजण्याचा प्रसंग तो अंगात आल्यासारखा सांगू लागला. बाकीची पोरे उठून बसली. चिंचेच्या बुंध्याशी टेकलेले म्हातारे ढोरकी काका, म्हणजे गावची गुरे चारणारे काका, तेवढे शांत होते. पोराचे सांगणे पूर्ण झाल्यावर ते इतकेच म्हणाले, "ते महाराज होते, बापू. आपल्या हातात तं तुतारी हाये." गुरे हाकायच्या काठीला ते तुतारी म्हणतात. कोणी हसले नाही, कारण त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

मग दुसरा मुलगा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमच्या खात्यावरचा पिच्चर पाह्यला आमी परवा. पण त्याच्यात वाघीण दिसूनच नाई राह्यली." पाचसहा घरच्या माणसांनी एका मोठ्या टीव्हीवर 'शेरनी' एकत्र पाहिला होता. अमित मसुरकर यांचा हा हिंदी सिनेमा जून २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. विद्या बालन यांनी त्यात वनाधिकाऱ्याची भूमिका केली आहे आणि त्याचे चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या जंगलात झाले आहे. कथा काल्पनिक असली, तरी आमच्या भागातल्या माणसाला ती परकी वाटत नाही. पांढरकवडा आणि राळेगाव परिसरातल्या तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, ती टी-१ म्हणजेच अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या शिवारात मारली गेली. तिच्या शोधासाठी हत्ती आणले, ड्रोन उडवले, मोठमोठी पथके महिनोनमहिने मुक्कामाला राहिली. ज्यांनी ते दिवस काढले, ती माणसे पडद्यावर अशीच गोष्ट पाहतात तेव्हा त्यांना करमणूक नको असते. ती हकिकत खरी की खोटी, हे ती तपासत असतात.

वाघीण दिसत नाही या तक्रारीला ढोरकी काकांनी जे उत्तर दिले, ते मी सिनेमाविषयी ऐकलेल्या उत्तम मतांपैकी एक मानते. ते म्हणाले, "तेच तं खरं हाये त्यातलं. ढोरामागं जलम गेला माह्या, वाघ दिसला असन चारदोन डाव. तो आपल्याले रोज पाह्यते, आपण त्याले नाई पाहात." जंगलातले भय प्राण्याच्या दिसण्यात नसून त्याच्या न दिसण्यात असते, ही गोष्ट ज्याने आयुष्य रानात काढले त्याला दिग्दर्शकाने समजावून सांगावी लागली नाही. उलट, दिग्दर्शकाला ती समजली होती, याचे काकांना समाधान वाटले. आवाजाविषयीही ते बोलू लागले. सिनेमातले रान डोळे मिटून ऐकावे असे आहे, असे काहीसे ते सांगत होते, आणि बोलता बोलता एकदम थांबले.

नाल्याकाठच्या झाडांवरून वानराचा खकारा, म्हणजे धोक्याचा इशारा, आला. एक आला, लगेच दुसरा आला, आणि मग ती झाडे गप्प झाली. खरे सांगायचे तर मी तो आवाज ऐकला होता, पण काकांनी त्या आवाजाची दिशाही ऐकली होती. पंचनाम्याच्या जागेकडे पाहून ते हळूच म्हणाले, "तो नाल्यातच हाये. गेलाच नाई." त्याच वेळी माझ्या लक्षात आले की सिनेमाच्या गप्पा रंगल्या असताना दोन पोरे मोबाईल घेऊन गायीचा व्हिडिओ काढायला धुऱ्यापर्यंत गेली होती. मी त्यांना नावे घेऊन मोठ्याने हाक मारली. पळू नका, पाठ फिरवू नका, एकमेकांजवळ राहून मागे या, असे ओरडून सांगितले. दलातल्या मुलांनी आपण होऊन काठ्या आपटत आवाज सुरू केला. ती दोघे परत आल्यावर मी सगळ्यांना पांदणीने अजून मागे, मोकळ्या वावरात नेले. पशुधन विकास अधिकारी आल्यावर आम्ही मोठ्या जमावाने, बोलत बोलत, उजेड असतानाच जागेवर गेलो आणि पंचनामा उरकला.

संध्याकाळ होण्याआधी गायीच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, बांधले. दोन बाजूंना दोन लावावे लागतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात आणि एकाच बाजूचा फोटो मिळाला तर ओळख अपुरी राहते. दुसऱ्या दिवशी कार्ड काढून पाहिले तेव्हा पहिला फोटो सूर्यास्तानंतर थोड्याच वेळाचा होता. तरुण नर होता, आणि तो आला होता नाल्याच्या त्याच वळणातून, जिथून वानर ओरडले होते. आम्ही बसलो होतो तो सगळा वेळ तो तिथेच होता, हे कोणताही कॅमेरा सिद्ध करू शकत नाही. परंतु काकांच्या अंदाजावर मी माझ्या नोंदवहीत शंकाचिन्ह घातलेले नाही.

हे तरुण नर असे गावाकडे का येतात, हे लोक मला नेहमी विचारतात. आमच्या जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर आहे. तिथे जन्मलेल्या नरांना मोठे झाल्यावर नवी हद्द शोधायला बाहेर पडावेच लागते. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्याची वाट शेतांमधून, रस्त्यांवरून आणि नाल्यांमधूनच गेली. 'शेरनी'त वाघिणीच्या वाटेत खाणीचा खड्डा येतो, ते चिंचेखालच्या सगळ्यांना पटकन पटले होते. "आपल्याकडं तारेचं कुंपन हाये, कॅनल हाये, हायवे हाये," असे मोजून दाखवणारी एक पंचविशीतली मुलगी होती आणि तिने सिनेमातल्या खाणीपेक्षा अधिक अडथळे सांगितले.

त्या दिवशी मला सर्वांत जास्त हलवून गेले ते मात्र बायकांचे बोलणे. पंचनाम्याच्या कागदांवर सह्या होत असताना एक काकू म्हणाल्या की सिनेमा चांगला आहे, पण त्यात कापूस कुठे आहे? अर्थात ती कथा मध्य प्रदेशातल्या जंगलात घडते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे म्हणणे वेगळे होते. २०१८ च्या त्या हंगामात कापूस झाडावर लोंबत राहिला आणि वेचायला बाई मिळेना. पहाटे जाणाऱ्या बायका ऊन चढल्याशिवाय निघेनात आणि दिवस कलायच्या आत घरी परतू लागल्या. मजुरी निम्म्यावर आली. वाघाचे भय किती होते, हे अशा घटलेल्या मजुरीवरून मोजता येते, आणि ते मोजमाप कोणत्याच सिनेमात किंवा सरकारी अहवालात नसते.

त्यांच्याशेजारी बसलेल्या बाईचे माहेर राळेगाव तालुक्यातले. ती अगदी सावकाश बोलली. "मानूस मेला का लोक त्याले उचलून नेतात, अन् पिच्चर पुढं जाते. मेलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कोनं पेटवली, ते नाई दाखवलं." यावर कोणीच काही बोलले नाही. मलाही बोलता आले नाही. सिनेमा वनाधिकाऱ्याच्या नजरेने जातो, आणि त्या नजरेला यंत्रणेची कोंडी फार नेमकी दिसते. साहेबांचे दबाव, पुढाऱ्यांचे फायदे, शिकाऱ्याची हौस हे सारे मी जवळून ओळखते आणि सिनेमाचा तो भाग मला मनापासून पटतो. पण या बाईने दाखवलेली उणीव माझ्या कामातही आहे. माणूस गेला तर राज्य शासन आज २५ लाख रुपये देते, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत राहतो, आणि कागद पूर्ण झाले की प्रकरण निकाली निघते. गाय गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. ही मदत आवश्यक आहे आणि ती वेळेत पोहोचावी म्हणून मी धडपडते. तरीही दुसऱ्या दिवशीच्या त्या घराकडे पाहण्याचा रकाना आमच्या नमुन्यात नाही.

याच बाईने शेवटी मला विचारले, "तुमची बदली कधी हाये, मॅडम?" सिनेमातल्या अधिकारी बाईंची अखेरीस संग्रहालयात बदली होते, ते तिच्या डोक्यात होते. चांगले काम करणारे जातात आणि गाव तिथेच राहते, असे तिचे मत. माझी बदली केव्हा होईल ते माझ्या हातात नाही, पण जाण्याआधी तुमचे म्हणणे लिहून जाईन, असे मी तिला सांगितले.

गायीच्या प्रकरणासोबत मी वरिष्ठांना स्वतंत्र टिपण दिले. गुरे चारायची पूर्वीची जागा रोपवनाच्या कुंपणात गेल्यामुळे लोक नाल्यापलीकडे जातात, हे त्यात नकाशासह लिहिले. गावची मोकळी गुरे एकत्र करून दोन ढोरक्यांच्या देखरेखीखाली चारावीत आणि दिवस मावळायच्या आत परत आणावीत, हा ग्रामसभेत ठरलेला प्रस्ताव जोडला. नुकसान झालेल्या घरी पंधरवड्याच्या आत पुन्हा भेट द्यावी, अशी सूचना केली. कुंपणातली पट्टी मोकळी करण्याचा प्रश्न अजून वरच्या टेबलावर आहे. एकत्र चराईला मात्र गावाने लगेच सुरुवात केली.

प्रतिसाद दलात सहसा तरुण पोरे घेतली जातात. ढोरकी काकांना दलाबरोबर फिरतीवर घ्यावे, असे मी सुचवले तेव्हा पोरांनी आधी कुरकुर केली, त्यांना पळता येणार नाही म्हणून. मग 'छावा' पाहून आलेल्या मुलानेच सांगितले की पळायचे आपण, ऐकायचे काकांनी. काका तयार झाले. आता मोहाच्या दिवसांत पहाटे बायकांच्या सोबत जाणाऱ्या गटात ते पुढे असतात आणि झाडांखाली जाण्याआधी सगळ्यांना थोडा वेळ गप्प उभे करतात. गावसभेत जनजागृतीचा तक्ता लावण्याआधी मी आता लोकांना विचारते की इतक्यात कोणता पिच्चर पाहिला आणि त्यात काय चुकले. त्या उत्तरांची वही मी वेगळी ठेवली आहे, आणि माझ्या जागी जो कोणी येईल त्याच्या हाती बीटच्या नकाशासोबत तीही द्यायची आहे.