ताराबाई शिंद्यांच्या नावाचा अर्ज

वर्तमानपत्रात आपण 'स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार' असं एकच नाव वाचतो. नियमावली हातात आली की कळतं, आत तीसहून जास्त विभाग आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या दारावर वेगळी पाटी. काव्याला केशवसुत, कादंबरीला हरी नारायण आपटे, विज्ञानाला महात्मा जोतीराव फुले, अनुवादाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. आपलं पुस्तक कोणाच्या दारात न्यायचं ते आपणच ठरवायचं. माझं घोडं तिथेच अडलं.

मी बुलडाणा जिल्ह्यात आरोग्य सेविका होते. निवृत्तीनंतर उपकेंद्रातल्या दिवसांवर लेख लिहिले: बाळंतपणं, लसीकरणाचे वार, कुटुंबनियोजनाच्या टार्गेटपायी केलेली पायपीट. त्याचं हे पहिलंच पुस्तक. प्रकाशक म्हणाले, "ताई, आत्मचरित्रात टाका. लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार आहे, एक लाखाचा." भाच्याचं म्हणणं वेगळं. "मावशी, ललितगद्यात प्रथम प्रकाशनाचा वेगळा पुरस्कार आहे. पन्नास हजारच आहेत, पण समोर सगळे तुझ्यासारखे नवखे असतील."

दोघांचंही गणित बरोबर होतं. पहिल्या पुस्तकाची वेगळी सोय काव्य, नाटक, कादंबरी, लघुकथा, ललितगद्य आणि समीक्षा एवढ्यांनाच आहे. आत्मचरित्राला नाही. ते बहुतेकांचं पहिलं आणि शेवटचंच असतं, तरीही!

प्रथम प्रकाशन ललितगद्यासमोर नाव होतं ताराबाई शिंदे. ते वाचलं आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला.

ताराबाई बुलडाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्याच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण तेवढ्यात छापील शहाणपण सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर घसरलं होतं. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुण्यात छापून घेतलं. बायकांच्या अंगावर जे दुर्गुण चिकटवता ते पुरुषांच्यात नाहीत का, असा रोकडा सवाल. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. संशोधक स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा छापेपर्यंत त्याची फारशी कुणाला आठवणही नव्हती.

टाकून दिलेल्या बाळाच्या पंचनाम्याला मीही उभी राहिले आहे. गाव तेव्हा त्या पोरीबद्दल काय बोलत होतं ते मी ऐकलंय, आणि पोराचं नाव कुणी काढलं नाही हेही. तो लेख माझ्या पुस्तकात आहे. मग मी दुसऱ्या कुणाच्या दारात कशाला जाऊ?

खरं तर 'तुलना' काही ललित नाही. तो कडाकडा भांडणारा निबंध आहे, त्यामुळे ललितगद्याच्या पाटीवर ताराबाई बघून मला जरा गंमतच वाटली. पण विजयालक्ष्मीचं नाव त्या निमित्ताने माझ्या भाच्याच्या कानावर पडलं. ताराबाईंचं पुस्तक त्याने माझ्या आधी वाचून संपवलं, आणि नंतर दोन दिवस घरात भांडी घासली.

पुढचं काम कागदांचं. पुस्तक त्या वर्षी 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात प्रथम प्रकाशित झालेलं लागतं, म्हणून आवृत्तीच्या पानावरची तारीख आधी बघून घेतली. विहित नमुन्यातला अर्ज, पुस्तकाच्या दोन प्रती, पाकिटावर पुरस्काराचं पूर्ण नाव आणि वर्ष. मुंबईकरांनी प्रभादेवीला साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या कार्यालयात द्यायचं, बाकीच्यांनी आपापल्या जिल्हाधिकारी कार्यालयात.

वऱ्हाडात त्या काळी जिल्ह्याचा मुख्य डेप्युटी कमिशनर असे, आज कलेक्टर. म्हणजे बापूजी शिंद्यांच्या साहेबाच्या गादीवर बसणाऱ्याकडेच त्यांच्या लेकीच्या नावाचा अर्ज मी देत होते. टेबलावरच्या बाबूंना हे सांगायचा मोह आवरला नाही. ते म्हणाले, "अस्सं का? आमच्याच हापिसातले म्हणायचे." आणि पोच लिहिताना थांबून त्यांनी ताराबाईंचं नाव एका कोऱ्या चिठ्ठीवर टिपून घेतलं. पाकिटावर ते कुठेच नव्हतं, तिथे यशवंतरावच.

निकाल लागला, यादीत मी नव्हते. प्रकाशक अजून म्हणतात, लक्ष्मीबाईंकडे गेलो असतो तर. मला तसं वाटत नाही; आत्मचरित्रात तर सगळेच आयुष्यभराचं संचित घेऊन येतात.

आता आमच्या गल्लीतले निवृत्त कृषी सहायक कोरडवाहू कपाशीवर पुस्तक लिहितायत. त्यांना सांगून ठेवलंय, शेतीचा पुरस्कार वसंतराव नाईकांच्या नावाचा आहे, तिथे पहिल्या पुस्तकाला वेगळी जागा नाही, आणि छपाई डिसेंबरात अडकत असेल तर सरळ जानेवारीत काढा.