दालमिलचे कोटेशन आणि पऱ्हाटीची भट्टी

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात तूर घरोघरी पिकते, पण ती भरडणारे कोणी नव्हते. कच्ची तूर बाजार समितीत विकायची आणि डाळ दुकानातून चढ्या भावाने आणायची, असेच चालले होते. 2022 मध्ये मी मिनी दालमिल टाकायचे ठरवले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यांसाठी विकसित केलेले यंत्र आमच्याकडे परिचित असल्याने यंत्राची निवड अवघड गेली नाही. खरी अडचण वाळवणीची होती. यंत्राच्या रोलवर सालीला चरे पाडून तेल लावलेली तूर उन्हात चांगली वाळल्याशिवाय साल सुटत नाही, आणि ढगाळ हवा आली की सगळा माल ताडपत्रीखाली अडकून पडतो.

गावातल्या वेल्डिंगवाल्याने आणि मी मिळून तूर वाळवायला सच्छिद्र पत्र्याच्या तळाची पेटी केली, खालून पंख्याने गरम हवा सोडली आणि भट्टीला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, वापरल्या. पहिल्या घाण्यातल्या डाळीला धुराचा असा वास आला की ती घरच्यांनीही खाल्ली नाही. मग ड्रममध्ये ड्रम बसवून धूर वेगळ्या नळीने बाहेर काढला आणि नुसती तापलेली हवा पेटीत घेतली.

लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर अर्ध्या तासात झाली, अन्न नोंदणीलाही वर्षाचे 100 रुपयेच लागले. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते, म्हणून सहा लाखांच्या प्रकल्प अहवालात मी दालमिलबरोबर ही पेटीही दाखवली. बँकेने तिच्यासाठी जीएसटी क्रमांक असलेले कोटेशन मागितले. वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे ती नोंदणी सक्तीची नाही, हे मी साहेबांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि कागद परत केला. वेल्डिंगवाला म्हणाला, “भाऊ, मले नंबर कायले पाहिजे?” कायद्याच्या दृष्टीने त्याचेच बरोबर होते.

शेवटी पेटी वगळून सुधारित अहवाल दिला, तेव्हा कर्ज मंजूर झाले. तयार यंत्राला कर्जही मिळाले आणि अनुदानही; त्या यंत्राला आमच्या हवेत उपयोगी करणारी जोडणी मात्र 38 हजार रुपये पदरचे घालून करावी लागली. अनुदानही हातात येत नाही: ते बँकेत वेगळे ठेवतात आणि तीन वर्षांनंतर कर्ज थकलेले नसेल व उद्योग चालू असेल, तरच कर्जात वळते करतात. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पेटीचे कौतुक केले, पण फोटो फक्त दालमिलचा घेतला.

पेटी पाहून शेजारच्या गावातून दोघांनी तशीच मागितली आहे. त्यांचे अर्ज अडू नयेत म्हणून वेल्डिंगवाल्याने स्वतःहून जीएसटी नोंदणी घेतली. उलाढाल शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते, हे त्याला नंतर कळले. आता ते भरायला तो माझ्याकडे येतो.