गोठणगावची तिबेटी वसाहत: कागदपत्र शिबिराचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. महाराष्ट्रातली ही एकमेव. १९७२ साली ती वसली, म्हणजे आज तिथे तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. ही मुले इथेच जन्मली, मराठी शाळासोबत्यांत वाढली, तरी कागदावर 'परकीय' आहेत आणि यातले बहुतेक कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत. एप्रिलमधल्या कागदपत्र शिबिरात आमच्या गटाने आरसीचे (परकीयांच्या नोंदणी प्रमाणपत्राचे) नूतनीकरण, जन्मनोंद, आधारमधल्या दुरुस्त्या आणि नागरिकत्वाविषयी सल्ला अशी चार कामे घेतली होती. पुढच्या गटांना उपयोग व्हावा म्हणून हा तपशील.

रेल्वेने जायचे तर गोंदिया–बल्लारशा मार्गावर अर्जुनी मोरगाव किंवा वडसा गाठावे. नागपूरहून रस्त्याने साकोली, नवेगावबांध, अर्जुनी असा मार्ग आहे. अर्जुनीपासून पुढे गाडी आधी ठरवून ठेवा, कारण संध्याकाळी परतीच्या बसचा भरवसा नाही. वसाहतीतल्या सेटलमेंट ऑफिसला किमान महिनाभर आधी पत्र द्या. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांना, त्यात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे कार्ड) असलेले मराठी लोकही आले, तिबेटी वसाहतीत जाण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी काढावी लागते. तिला वेळ लागतो, आणि ती नसेल तर अडचण यजमानांना होते.

तारखा चुकल्या तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. ऑक्टोबर ते जानेवारी अर्धी वसाहत स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असते आणि घरात म्हातारी माणसे व लहान मुलेच राहतात. लोक परततात ते लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण त्याच सुमारास महाशिवरात्रीला जवळच्या प्रतापगडावर मोठी यात्रा भरते आणि त्या भागातल्या बस तुडुंब असतात. जुलै-ऑगस्टमध्ये भाताची रोवणी असते. राहता राहिला मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल. तेव्हा ऊन असते, म्हणून टेबले सकाळी सातला मांडा, साडेअकराला उठवा आणि पुन्हा पाचनंतर बसा. आधारचे बोटांचे ठसे घ्यायचे असतील तर सकाळचीच वेळ ठेवा. घामेजलेली बोटे आणि शेतकामाने झिजलेल्या रेषा यंत्र धरत नाही. आमालांच्या, म्हणजे वयस्क बायांच्या, बाबतीत हे हमखास होते. थंड पाण्याने हात धुऊन कोरडे करायला लावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची कचेरी दिल्लीत आहे, पण तिबेटी निर्वासितांचे काम थेट भारत सरकारकडे आहे. त्यामुळे इथे माणसाचे संरक्षण म्हणजे त्याची आरसी, परकीय म्हणून केलेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र. ती जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या कचेरीतल्या विदेशी नोंदणी शाखेतून मिळते आणि वेळोवेळी नवी करून घ्यावी लागते. इथे जन्मलेल्यांना किंवा वीसहून अधिक वर्षे राहिलेल्यांना ती साधारणपणे पाच वर्षांसाठी मिळते. आरसी संपली की सगळेच अडते. परदेश प्रवासासाठी लागणारे पिवळे पुस्तक, म्हणजे आयसी (ओळख प्रमाणपत्र), तिच्याशिवाय निघत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन २०२५ चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला आहे. म्हणून जुन्या शिबिरांतले अर्जाचे आणि शपथपत्रांचे नमुने तसेच वापरू नका. त्यांवर रद्द झालेल्या कायद्याची कलमे छापलेली असतात आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

आता मुख्य काम. अर्ज अडतात ते कागद नाहीत म्हणून क्वचितच. कागद भरपूर असतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून कोणताही फॉर्म हातात घेण्याआधी प्रत्येक माणसाचा जुळवणी तक्ता करा. आडव्या ओळींत आरसी, ग्रीन बुक (निर्वासित तिबेटी प्रशासनाचे पुस्तक), आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, बँक पासबुक. उभ्या रकान्यांत नाव (इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर), वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जिल्हा. जिथे फरक दिसेल तिथे लाल पेन. एका माणसाला अर्धा तास लागतो आणि घाई केली की तो अर्धा तास पुढे सहा महिन्यांना पडतो.

नावांत गोंधळ होण्याची कारणे ठरलेली आहेत. तिबेटी नावात आडनाव नसते. एकाच घरात तिघे-चौघे तेन्झिन असतात. बापाचे नाव मुलाच्या नावात येत नाही, म्हणून कारकुनाला नातेच संशयास्पद वाटते. ऑनलाइन फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाही, मग कोणी दुसरे नाव आडनावाच्या जागी टाकतो, कोणी पहिलेच दोनदा लिहितो. आम्ही नियम ठेवला तो असा: आरसीवर जसे आहे तसेच सगळीकडे, आणि आरसीवरच चूक असेल तर आधी आरसी दुरुस्त. नात्याच्या पुराव्यासाठी आईवडिलांचे शपथपत्र जोडा, सोबत ग्रीन बुकची प्रत द्या. ग्रीन बुक हा केंद्रीय तिबेटी प्रशासनाचा कागद आहे, भारत सरकारचा नव्हे, म्हणून तो एकटा पुरत नाही. शासकीय कामाच्या शपथपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही कचेरीबाहेर लोकांना स्टॅम्प पेपर घ्यायला लावतात, हे लोकांना आधीच सांगून ठेवा.

जन्मतारखेचा घोळ याहून खोल. तिबेटी गणनेत मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात आणि लोसारला सगळ्यांचे वय एकाने वाढते. त्यामुळे सांगितलेले वय एक-दोन वर्षांनी जास्त निघते. वय विचारूच नका, वर्ष विचारा. बहुतेक वृद्धांना आपल्या वर्षाचा प्राणी आणि तत्त्व पाठ असते. बारा प्राणी आणि पाच तत्त्वे मिळून साठ वर्षांचे चक्र होते, म्हणून 'पृथ्वी-डुक्कर' म्हटले की १९५९ आणि 'जल-उंदीर' म्हटले की १९७२ निघते. मात्र ते वर्ष लोसार ते लोसार चालते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतला जन्म इंग्रजी सालात पुढच्या वर्षात जातो. साठ वर्षांचा तक्ता छापून टेबलावर चिकटवून ठेवा.

यात 'अग्नी-ससा', म्हणजे १९८७, सर्वांत नाजूक. नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक आहे, आईवडील कोणीही असोत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात हे तिबेटी व्यक्तीलाही लागू असल्याचे सांगितले आणि २०१६ च्या निकालात ते पक्के झाले. म्हणजे ज्यांच्या कागदावर नुसते '१९८७' आहे, त्यांचे सारे भवितव्य महिन्यावर येते. दवाखान्याचे रजिस्टर, लसीकरणाचे कार्ड, शाळेचे दाखलपुस्तक यांतून महिना शोधा. अंदाजाने तारीख कधीही टाकू नका. खोटी तारीख उघडी पडली तर आरसीही धोक्यात येते.

आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. म्हणून आधारची दुरुस्ती सगळ्यांत शेवटी, बाकीचे कागद जुळल्यावरच करा. शिबिरात आधारचे यंत्र पहिल्याच दिवशी बसवले की लोक उत्साहाने रांग लावतात आणि हाती असलेली एकमेव संधी चुकीच्या तारखेवर घालवतात.

जिल्ह्याचा मुद्दा बाहेरून येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर 'भंडारा' आहे, आरसीवर 'गोंदिया', आणि दुसऱ्या शहरातला अधिकारी याला दोन वेगळी गावे समजतो. जिल्हा विभाजनाच्या अधिसूचनेची प्रत प्रत्येक फाइलला लावा. वर्षभरानंतर करायची जन्मनोंद आता जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. २०२५ पासून राज्यात अशा उशिरा नोंदींची छाननी कडक झाली आहे, म्हणून अपुरा अर्ज देऊन नकार ओढवून घेण्यापेक्षा महिनाभर थांबून पुरावे जमवा.

नागरिकत्वाचा सल्ला मागितला तरच द्या, आणि पूर्ण द्या. २०१७ मध्ये नागरिक म्हणून भारतीय पासपोर्ट मागणाऱ्या तिबेटींना आरसी व आयसी परत करणे, वसाहतीबाहेर राहणे, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडणे अशा अटी घातल्या गेल्या होत्या. आज त्यांतले काय लागू आहे हे अर्जाआधी वकिलाकडून तपासून घ्यावे, कारण राहते घर आणि कसती जमीन पणाला लागू शकते. अनेकांना तिबेटी म्हणूनच राहायचे आहे. तो त्यांचा निर्णय आहे, त्यात कोणी ढकलू नये.

सोबत न्यायचे ते: स्कॅनर, इन्व्हर्टर किंवा दोन मोठ्या पॉवर बँक, प्रिंटरची जादा शाई, दोन कंपन्यांची सिमकार्डे (पोर्टल मध्येच अडकते), पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा, लाल-निळी पेने आणि तिबेटी-मराठी दोन्ही बोलणारे वसाहतीतले दोन तरुण. कोणाचाही मूळ कागद रात्री स्वतःकडे ठेवू नका. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि तिचा क्रमांक तक्त्यात लिहा. हिवाळ्यात दुसऱ्या शहरी दोन-तीन महिने राहणाऱ्यांनी निघण्यापूर्वी नोंदणी शाखेला लेखी कळवून त्याचीही पोच जवळ ठेवावी.

निघताना अपुऱ्या राहिलेल्या फायलींची यादी सेटलमेंट ऑफिसात द्या: नाव, काय अडले, कोणता कागद हवा, पुढची तारीख. मोबाइलवर काढलेले कागदांचे फोटो तिथेच, त्या माणसासमोर पुसून टाका. ग्रुपवर टाकलेले असतील तर तिथूनही.