पुदिन्याचं काही सांगता येत नाही

परवा दुपारी पुदिन्याची कुंडी उलटी केली. मधोमध टक्कल आणि कडेकडेने हिरवंगार, ही काय भानगड आहे ते बघावं म्हटलं. माती अख्ख्या गठ्ठ्यानेच बाहेर आली. सुतळीएवढे पांढरे धुमारे कुंडीच्या भिंतीला धरून गोल गोल फिरले होते, वेढ्यावर वेढा. एक तर तळाच्या भोकातून निसटून खालच्या ताटलीत जाऊन पालवला होता. मधे बसणं या झाडाला मान्यच नाही.

आजोळी त्याला असा जाच नव्हता. परसात न्हाणीचं पाणी जाई तिथे अळू, आणि अळवाच्या पायाशी पुदिना. कुणी लावला म्हणून विचारलं तर आजी म्हणायची, "लावायचा कशाला? टाकला होता." चटणीसाठी पानं खुडली की उरलेली दांडकी ती तिकडे भिरकावून द्यायची, आणि त्यांचंच रान माजायचं. पुदिन्याला जांभळट तुरे येतात खरे, पण बी पेरून पुदिना केला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. जुडीतली बरी दांडी निवडायची, खालची पानं काढून पेल्यात पाण्यात उभी करायची, मुळ्या फुटतातच.

ही दांडी चौकोनी असते. दोन बोटांत फिरवली की कडा लागतात. तुळशीची तशीच, सब्जाची तशीच. सगळी एका कुळातली. हे आजीला कळलं असतं तर तुळशीचं माणूस म्हणून तिने पुदिन्याला न्हाणीमागून अंगणात आणलं असतं की काय, कोण जाणे. पारोशाने शिवू नका, असंही वर बजावलं असतं.

आईचं खातं वेगळं. ती अमृतधारा करायची. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर, तिन्ही सारख्या मापाने, काचेच्या बाटलीत. सगळे कोरडे ठणठणीत खडे. पाणी नाही, विस्तव नाही. बाटली हलवायची आणि ठेवून द्यायची. आधी खड्यांचे कोपरे ओलसर दिसायला लागायचे, मग ते एकमेकांना चिकटायचे, मग तळाशी थेंबभर काहीतरी चमकायचं, आणि बघता बघता बाटलीत नितळ, तेलकट पाणी. एकत्र आले की प्रत्येकाचा वितळायचा अंश खाली येतो, हे पुढे रसायनशास्त्रात आलं. तेव्हा आम्ही नुसते आ वासून बसायचो. पोटात दुखलं की बत्ताशावर दोन थेंब मिळायचे. बत्ताशाच्या दिवसांत आमची पोटं जरा जास्तच दुखत.

थेंब जिभेवर पडला की गारेगार. तोंडात थर्मामीटर धरला तरी पारा जागचा हलणार नाही. गारवा ओळखणारा जो प्रथिनाचा दरवाजा मज्जातंतूंवर असतो, तोच मेंथॉल, म्हणजे ते पुदिन्याचं फूल, उघडतं, आणि मेंदू बिचारा समजतो थंडी आली. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी, वेगवेगळं काम करत, हा दरवाजा मेंथॉलच्याच मदतीने शोधला. २०२१ चं नोबेल त्या दोघांना मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

गंमत पुढेच आहे. आईचं ते पुदिन्याचं फूल कुंडीतल्या पुदिन्याचं नव्हेच. ते मेंथाचं, म्हणजे जपानी पुदिन्याचं. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे बटाटा निघाला की मेंथा लावतात, भाताआधी कापतात, गावातच टाक्यांमध्ये वाफेवर तेल काढतात. ते तेल गार केलं की खडे धरतात. बाम, खोकल्याच्या गोळ्या, पानातलं पिपरमिंट, सगळी दौलत तिथली.

मग चटणीच्या पुदिन्यात काय असतं? मेंथॉल जवळजवळ नाहीच. त्याच्या वासाचा धनी कारव्होन नावाचं द्रव्य. बाळंतशोपेतही कारव्होनच, फक्त रेणू उलटा, आरशात धरल्यासारखा. तेच अणू, तीच जोडणी, डावीकडचं उजवीकडे एवढाच काय तो फरक, आणि नाकाला दोन्ही पार वेगळी लागतात.

हे वाचल्यावर डबा काढून चिमूटभर बाळंतशोप चावली, डोळे मिटून, पुदिना शोधत. नाही सापडला. मीठ लावून भाजलेली होती, चांगली लागली. आणखी थोडी घेतली.